पान्याचा पगार

नाना पेठ, आयटीआय रोड, भोसरी, वाघोली : एका गॅरेजसाठी मिस्त्री शोधताना झालेलं पुणेदर्शन

बॉस, एक काम करा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं मागचं बिल शोधून काढा. ऑइल इतकं, एअर फिल्टर इतका, ब्रेक शू इतके. आणि सगळ्यात खाली एक ओळ : लेबर. आपण हुज्जत घालतो ती नेमकी याच ओळीवर. ऑइलच्या डब्यावर किंमत छापलेली असते, माणसावर नसते ना!

या ओळीच्या मागे लागायची वेळ आली ती एका मित्रामुळे. हिंजवडीत तेरा वर्षं कोडिंग करून कंटाळलेला हा प्राणी एके दिवशी जाहीर करून मोकळा झाला की आता बस्स, आपण गॅरेज काढणार. सगळ्या कंपन्यांच्या टू-व्हीलर चालतील असं. वाघोलीत शेड ठरली, डिपॉझिट गेलं. आयटीवाला असल्यामुळे एक्सेल शीट अर्थातच झक्कास. रॅम्प, कॉम्प्रेसर, वॉशिंग पंप, स्कॅनर, सगळ्यांची तीन-तीन कोटेशनं. फक्त पगाराचा रकाना संशयास्पद गोल होता. हेड मिस्त्री २०,०००, मेकॅनिक १५,०००, दोन हेल्पर प्रत्येकी ८,०००.

"हे आकडे आणलेस कुठून?"

"अंदाजपंचे."

अंदाजपंचे चालणारं नव्हतं. घरी बायकोशी करार झाला होता : फ्लॅटचा हप्ता चालू आहे, तेव्हा पगारांसाठी सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवायचे, ते संपले की नोकरी शोधायची. ५१,००० गुणिले सहा, म्हणजे ३,०६,००० रुपये. आकडा चुकला तर सहा महिन्यांचे चार व्हायला वेळ लागणार नव्हता. म्हणून आम्ही तीन शनिवार काढले आणि पुण्यात ज्यांच्या हाताला ग्रीस लागतं त्या लोकांना भेटायला निघालो.

पहिला शनिवार : नाना पेठ

नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ. आज मात्र तिचा कारभार स्पेअर पार्टवाल्यांच्या हातात आहे. क्वार्टर गेटकडून आत शिरलात की सीट कव्हरं, हेडलाइट, सायलेन्सर, आरसे, क्लच वायर, सगळं दुकानांबाहेर टांगलेलं. पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजमधला पोरगा कधी ना कधी इथे धावत आलेला असतो, हातात जुना पार्ट आणि तोंडात "याच्यासारखाच द्या". त्यामुळे कुठल्या गॅरेजात कोण टिकतंय, कोण सोडून चाललंय, याची खबर इथल्या काउंटरवर सगळ्यात आधी येते.

अशाच एका काउंटरमागच्या शेठना आम्ही थेट विचारलं, मिस्त्रीला पगार किती द्यायचा?

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "पगार नंतर. उचल किती देणार ते ठरवलंय का?"

मित्राच्या शीटमध्ये 'उचल' नावाचा रकानाच नव्हता. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. गावी घराचं छप्पर, पोरीची फी, आईचं ऑपरेशन, कशासाठीही. नवा मालक कामावर घेतानाच काही हजार हातात ठेवतो आणि मग दरमहा थोडे थोडे कापतो. शेठचं म्हणणं होतं, "मिस्त्री येतो पगाराकडे बघून, पण राहतो उचल देणाऱ्याकडे." बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्याला मालक हीच बँक. पण यातली दुसरी बाजूही शेठनीच सांगितली. काही मालक मुद्दाम मोठी उचल देतात, म्हणजे माणूस अडकतो, पगारवाढ मागत नाही. "तसलं करू नका. आणि वहीत दोघांची सही घ्या. तोंडी उचलीवरून सख्खे भाऊ भांडलेले बघितलेत मी."

नाना पेठेत आणि आजूबाजूच्या गॅरेजांत त्या दिवशी आमच्या कानावर आलेले आकडे असे. हेल्परला १० ते १२ हजार, वर चहा-नाश्ता. टू-व्हीलरचं सर्व्हिसिंग स्वतः करणाऱ्या मेकॅनिकला १५ ते २० हजार. इंजिन उतरवून परत बसवणाऱ्या, गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या हेड मिस्त्रीला २५ ते ३० हजार. डेंटिंग-पेंटिंगवाला शक्यतो पगारावर नसतोच, तो पॅनलच्या हिशोबाने पैसे घेतो आणि तीन-चार गॅरेजं सांभाळतो. हा काही सर्व्हे नव्हे, दुकानादुकानांत चहा पीत गोळा केलेली माहिती आहे. पण मित्राचा २० चा मिस्त्री त्यात कुठेच बसत नव्हता.

आणि ८,००० चा हेल्पर? शेठ हसले. "मिळेल की. पण एक तर तो अठराच्या आतला असेल, नाही तर पुढच्या महिन्यात दिसणार नाही."

दुसरा शनिवार : आयटीआय रोड

औंधचा आयटीआय रोड तुम्हाला माहीत आहे तो कॅफेंमुळे आणि ब्रँडेड शोरूम्समुळे. कॉफीचा कप हातात घेऊन सेल्फी काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की रस्त्याला नाव ज्याच्यावरून पडलं ती शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था इथेच आहे? 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा ट्रेड, दहावीनंतरचा. इंजिनचे कापून ठेवलेले नमुने, आतले पिस्टन रंगवलेले, आणि त्याभोवती डांगरी घातलेली पोरं.

गॅरेजवाल्यांना आयटीआयचा पोरगा म्हटलं की नाक मुरडायची सवय असते. "सर्टिफिकेटवाल्याला पाना धरता येत नाही." यात थोडं तथ्य आहे. दोन वर्षांत त्याने जितकी इंजिनं खोलली असतील, तितकी गॅरेजातला पोऱ्या एका पावसाळ्यात खोलतो. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या टू-व्हीलरमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि सगळ्यांचा मेंदू असलेला ईसीयू. पूर्वी स्क्रू अर्धा आटा फिरवून, कान देऊन गाडी 'ट्यून' व्हायची. आता स्कॅनर लावून एरर कोड वाचावा लागतो, वायरिंगचा नकाशा समजावा लागतो. इथे वर्गात बसलेला पोरगा भाव खाऊन जातो. इलेक्ट्रिक स्कूटरला तर ना इंजिन ऑइल, ना क्लच प्लेट. पुण्याची लाडकी चेतक २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली. तिला आडवी करून किक मारायची विद्या आता फक्त आठवणींत.

इथल्या एका निदेशकांशी गप्पा झाल्या. ते म्हणाले, "मुलं आता पगाराआधी तीन गोष्टी विचारतात. सुट्टी कधी, शिकायला काय मिळेल आणि पैसे बँकेत की रोख." कंपनीत ॲप्रेंटिसशिप मिळत असेल, तर कमी पैशातही मुलं तिकडे जातात. कँटीन असतं, बस असते, गणवेशावर नाव असतं. गेटबाहेर भेटलेल्या एका मुलाने तर मित्राला निरुत्तरच केलं. "सर, डिलिव्हरी केली तर रोजच्या रोज पैसे दिसतात. तुमच्याकडे मी महिना का थांबू?"

मित्राने काही न बोलता मोबाइल काढला आणि हेल्परच्या रकान्यातले ८ खोडून १५ केले. पोराच्या प्रश्नाइतकंच त्यामागे कायद्याचंही कारण होतं. ८,००० हा आकडा पुण्यातल्या किमान वेतनाच्याही खाली जातो. महाराष्ट्रात किमान वेतनात मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात, आणि भत्ता दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे बदलतो. म्हणजे एकदा बघून विसरून जायचा हा आकडाच नाही.

मग त्याने बेरीज केली. मिस्त्री २८, मेकॅनिक १८, हेल्पर दोन गुणिले १५. एकूण ७६,०००. बाजूला ठेवलेले ३,०६,००० पुरणार जेमतेम चार महिने. परतीच्या वाटेवर गाडीत गाणी लावायची इच्छा कुणालाच नव्हती.

तिसरा शनिवार : भोसरी

भोसरीकडे जाताना लोक अजून 'टेल्को रोड' म्हणतात. टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण रिक्षावाल्याला नवं नाव सांगून बघा! या पट्ट्यात लोखंडाचा वासच वेगळा. लेथ, प्रेस, टेम्पो, ट्रक आणि दर दहा पावलांवर कुणाचं तरी वर्कशॉप. इथल्या एका मालकांनी आमची शीट पाहिली, पेन मागितलं आणि बिलाच्या पाठीवर एक हिशोब मांडला. तो मी जसाच्या तसा देतोय. सोन्यासारखा आहे.

समजा मेकॅनिकचा पगार १८,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ८७ रुपये. इथपर्यंत सगळेच येतात. आता पुढे. दिवाळीला एक पगार बोनस द्यायचा रिवाज, म्हणजे महिन्याला १,५०० बाजूला. चहा-नाश्ता रोज ४० रुपये, म्हणजे १,०४०. अपघात विमा, साबण, डांगरी धरून ५००. झाले २१,०४०. आणि तास? एखादी रजा धरून दिवस उरतात २५. आठ तासांत पाना प्रत्यक्ष हातात किती वेळ? पार्ट आणायला पोरगा गेलाय, गिऱ्हाईक बोलत बसलंय, लाइट गेलीय. खरे तास पाच. म्हणजे महिन्याला १२५. आता भागा. तासाला १६८ रुपये.

८७ चे १६८. जवळजवळ दुप्पट.

एका साध्या सर्व्हिसिंगला दीड तास लागतो. १२५ तासांत साधारण ८३ गाड्या. तुम्ही लेबर ४०० लावलंत, तर त्यातले सुमारे २५३ रुपये एकट्या मेकॅनिकचे. उरलेल्या १४७ मध्ये भाडं, वीज, हेल्पर, कॉम्प्रेसरचा हप्ता आणि उरलंच तर मालक. स्पेअर पार्ट आणि ऑइलवरचं मार्जिन नसेल तर छोटं गॅरेज चालत नाही, ते यामुळे. आणि ऑइल 'बाहेरून आणलंय, फक्त घाला' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मिस्त्री तसा का बघतो, तेही यामुळेच.

"मग पगारच नको, टक्केवारीवर ठेवतो," मित्र म्हणाला. जेवढं लेबर, त्याचा निम्मा वाटा मिस्त्रीचा. हीही पद्धत चालते. पण मालकांनी मान हलवली. "नुसत्या टक्क्यावर माणूस ठेवलात की चांगल्या क्लच प्लेटा पण बदलायला निघतात. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा त्याच्या घरी चूल पेटत नाही. तो दुसरीकडे जातो. आणि नुसत्या पगारावर ठेवलात, तर पाच वाजता हात धुतो."

त्यांचा फंडा मधला. घर चालेल इतका पक्का पगार, आणि महिन्याचं लेबर ठरलेल्या रकमेच्या वर गेलं तर वरच्या भागातला हिस्सा. त्यात एक अट. तेच काम घेऊन गाडी पंधरा दिवसांत परत आली तर ते फुकट करायचं, आणि त्या कामाचा हिस्सा वजा. "या एका अटीने नट आवळताना माणूस दोनदा बघतो," ते म्हणाले. जाता जाता मित्राला एक टोलाही हाणला. "पहिल्याच दिवशी दोन हेल्पर कशाला? गाड्या येऊ द्यात की आधी."

वाघोली : रॅम्पचा भाव

नगर रोडने वाघोलीला जायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये ध्यानधारणा. नव्या टॉवरांच्या खाली, अर्धवट रस्त्यांवर हजारो स्कूटर. मित्राने जागा इथे घेतली ती याच हिशोबाने. नाना पेठेतल्या शेठनी पाठवलेला मिस्त्री संध्याकाळी शेडवर आला. चाळिशी ओलांडलेला, मूळचा मराठवाड्यातला. चौदाव्या वर्षी एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागला होता. तेव्हा पगार नव्हता, दोन वेळचं जेवण आणि उस्तादाच्या टपल्या. आज चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामावर ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. लॉकडाऊननंतर त्याने हप्त्यावर स्वतःचा स्कॅनर घेतला होता आणि रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला होता.

"२८ पाहिजेत," तो म्हणाला. घासाघीस नाही, आवाज चढवणं नाही.

"२४ पर्यंत जमेल दादा," मित्र म्हणाला. मग जरा थांबून, "२८ च का?"

मिस्त्री शेडमध्ये फिरला. फरशी बघितली, लाइटची जागा बघितली. "साहेब, हे काम उकिडवं बसून होतं. तीस वर्षं बसलोय. आता उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो. अजून फार तर सात-आठ वर्षं बसता येईल. तेवढ्यात पोरीचं इंजिनिअरिंग व्हायचंय. म्हणून २८."

मित्राने कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली दोन हायड्रॉलिक रॅम्प होते. गाडी कमरेच्या उंचीवर उचलायची, उभं राहून काम करायचं. मिस्त्रीने पेडल दाबलं, मोकळा रॅम्प वर आला. त्याने त्याच्यावर हात टेकवले, जसे आपण ओट्यावर टेकवतो. बराच वेळ काही बोलला नाही.

"याच्यावर काम असेल तर सात-आठ नाही, पंधरा वर्षं निघतील," तो म्हणाला. आणि मग वाटाघाटी खऱ्या अर्थाने सुरू झाल्या.

ठरलं ते असं. पक्का पगार २४,०००, सात तारखेच्या आत, बँकेत. गॅरेजचं महिन्याचं लेबर ६०,००० च्या वर गेलं तर वरच्या रकमेचे २० टक्के त्याचे. म्हणजे लेबर ८०,००० झालं तर ४,००० वर, आणि त्याचे २८ पूर्ण. रविवारी गॅरेज चालू, कारण नोकरदार गिऱ्हाईक तेव्हाच येतं. सुट्टी मंगळवारी. उचल ३०,०००, बिनव्याजी, महिन्याला २,००० कापून, वहीत दोघांच्या सहीने. त्याचा स्कॅनर गॅरेजमध्ये वापरला तर त्याचं वेगळं भाडं. मेकॅनिक १८,००० वर, आणि हेल्पर एकच, १५,००० वर.

एकूण ५७,०००. बाजूला ठेवलेले पैसे पुरणार पाच महिने आणि वर काही दिवस. बायकोने शीट पाहिली आणि एवढंच विचारलं, "विमा कुठल्या रकान्यात आहे?" विमा होता.

गॅरेज खंडेनवमीला सुरू झालं. पाने, पक्कड, टॉर्क रेंच सगळं लाल कापडावर मांडून पूजा झाली, स्कॅनरलाही हळदकुंकू लागलं. पहिल्या महिन्याचं लेबर ४७,००० झालं. हिस्सा शून्य. मिस्त्रीच्या खात्यात ठरल्याप्रमाणे पगार गेला, उचलीचे २,००० वजा करून, सहा तारखेला. त्या आठवड्यात त्याने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली. मित्राने सांगितलं नव्हतं.

गॅरेज काढताय? हे खिशात ठेवा

• आधी आजूबाजूची दहा गॅरेजं फिरा. पगार विचारू नका, "तुमच्याकडे माणूस किती दिवस टिकतो?" असं विचारा. आकडा आपोआप कळतो.

• किमान वेतनाचा चालू दर बघा, दर सहा महिन्यांनी पुन्हा बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार किमान वेतन सगळ्याच कामांना आहे आणि जादा तासांना दुप्पट दर आहे. माणूस सोडून गेला तर त्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा.

• १० माणसं झाली की ईएसआय, २० झाली की पीएफ. त्याच्या आत असाल तर अपघात विमा स्वतःहून काढा. तापलेला सायलेन्सर माणसं मोजत नाही.

• अठराच्या आतला पोऱ्या नकोच. चौदाखाली तर पूर्ण बंदी, आणि चौदा ते अठरामध्ये धोक्याच्या कामाला.

• पाने कोणाचे, हरवले तर भरायचे कोणी, हे पहिल्या दिवशी ठरवा. भांडणं पगारापेक्षा दहा-अकराच्या पान्यावरून जास्त होतात.

• गिऱ्हाईक असाल तर : ऑइलवर घासाघीस करा, लेबरवर जरा जपून.